जोडणीचा भार कुणाच्या माथी?

जुन्या संगणकात हार्ड डिस्क बसवणे हे जाणकाराचे काम समजले जाई. डिस्कच्या मागच्या पिनांवर जंपर कुठे लावायचा, रिबन केबलची लाल कड कुठल्या बाजूला ठेवायची, सेटअपमध्ये सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे कोणते आकडे भरायचे, फॉरमॅट किती वेळा आणि कोणत्या क्रमाने करायचे, हे ठाऊक असल्याशिवाय डिस्क चालत नसे. पुढे वीस-पंचवीस वर्षांत दोन केबल खोचल्या की डिस्क आपली आपण ओळखली जाऊ लागली. या बदलाचे कारण विचारले तर बहुतेक जण सांगतात की तेव्हा तंत्रज्ञान कच्चे होते, आता ते पक्के झाले. मला हे उत्तर अपुरे वाटते. १९८० ते २००५ या काळातली यंत्रे, त्यांच्या केबल आणि त्यांच्या मर्यादा तपासल्या तर अडचणीचे मूळ निराळ्याच जागी सापडते. डिस्कविषयीची माहिती चार ठिकाणी विखुरलेली होती: थोडी डिस्कच्या अंगावर, थोडी कंट्रोलर कार्डात, थोडी बायोसमध्ये आणि थोडी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. ही चार ठिकाणे बहुधा चार वेगवेगळ्या कंपन्यांची. त्यांच्यात मेळ घालणे कुणाचेच नेमून दिलेले काम नव्हते, म्हणून ते स्क्रूड्रायव्हर हातात धरलेल्या माणसाच्या माथी आले. जोडणी सोपी होत गेली ती ही माहिती एकेक करून डिस्कच्या पोटात गेल्यामुळे, असे माझे म्हणणे आहे. हा केवळ कुतूहलाचा विषय नाही, कारण त्या काळात डिस्कवर लिहून ठेवलेला मजकूर आज वाचता येईल की नाही, हे याच गोष्टीवर ठरते.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १९५६ साली आयबीएमने कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथे तयार केलेले ३५० हे पहिले डिस्क यंत्र चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्यांचे होते आणि त्यात सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. ते कपाटापेक्षा मोठे होते, त्याची यंत्रणा आजच्या मानाने फार ढोबळ होती, तरी गिऱ्हाइकाला जंपर किंवा सेक्टर यांची चिंता करावी लागली नाही. यंत्र, त्याचे नियंत्रण आणि त्याची दुरुस्ती हे सगळे एकाच कंपनीकडे होते. तंत्रज्ञानाचा कच्चेपणा आणि जोडणीचा त्रास या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत, याचा हा पहिला पुरावा. त्रास सुरू झाला तो डिस्क हा सुटा विकायचा माल झाला तेव्हा.

तो माल १९८० मध्ये आला. अॅलन शुगार्ट आणि फिनिस कॉनर यांनी साथीदारांसह १९७९ मध्ये काढलेल्या, पुढे सीगेट म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीने एसटी-५०६ ही सव्वापाच इंची डिस्क विकायला काढली. तिची क्षमता ५ मेगाबाइट आणि किंमत सुमारे १,५०० डॉलर. तिला दोन रिबन केबल लागत, एक चौतीस तारांची आणि एक वीस तारांची. चौतीस तारांच्या केबलमधून हुकूम जात: हेड एक पाऊल आत घे, एक पाऊल बाहेर घे, अमुक हेड निवड, आता लिही. वीस तारांच्या केबलमधून चुंबकीय खुणांचे कच्चे स्पंद जसेच्या तसे ये-जा करत. या दोन केबलींवर काय होते यापेक्षा काय नव्हते हे मला महत्त्वाचे वाटते. आपण किती सिलिंडरांची आहोत हे डिस्क सांगू शकत नव्हती, कारण ते विचारणारा हुकूमच नव्हता. सेक्टर म्हणजे काय हेही तिला ठाऊक नव्हते. चकतीवरच्या वर्तुळाचे सतरा भाग पाडायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, स्पंदांमधून बाइट वेगळे काढायचे, हा सगळा कारभार दुसऱ्या टोकाच्या कंट्रोलर कार्डाचा. डिस्क फिरत होती आणि हेड हलवत होती, इतकेच तिचे काम.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी आणला, तेव्हा हीच रचना घरांत आणि कचेऱ्यांत पोचली. दोन वर्षांपूर्वीच्या मूळ पीसीत हार्ड डिस्क नव्हती आणि त्याचा ६३.५ वॅटचा वीजपुरवठा तिला पुरलाही नसता, म्हणून एक्सटीला १३० वॅटचा पुरवठा दिला गेला. आत १० मेगाबाइटची डिस्क आणि झेबेक कंपनीचे कंट्रोलर कार्ड. डिस्कचे ३०६ सिलिंडर, ४ हेड, दर ट्रॅकवर १७ सेक्टर, सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की एक कोटी सहा लाख त्रेपन्न हजार सहाशे शहाण्णव बाइट येतात. आयबीएमकडून पूर्ण यंत्र घेणाऱ्याला या आकड्यांशी कर्तव्य नव्हते. ज्याने डिस्क एकीकडून आणि कार्ड दुसरीकडून आणले, त्याला मात्र ते पाठ असावे लागत. अनेक कार्डांवर लो-लेव्हल फॉरमॅटचा प्रोग्रॅम कार्डाच्या रॉममध्येच असे. तो चालू करायला डॉसमधला डीबग उघडून ‘जी=सी८००:५’ असा हुकूम द्यावा लागे. मग आकडे भरायचे. त्यानंतर डिस्कच्या पाठीवर चिकटवलेला कागद वाचायचा. कारखान्यात तपासताना जे ट्रॅक खराब निघाले, त्यांची यादी त्यावर छापलेली असे. ती एकेक ओळ वाचून हाताने टंकायची, कारण ती कार्डापर्यंत पोचवायला माणसाशिवाय दुसरा मार्ग नव्हता. डिस्कविषयीची सर्वांत मोलाची माहिती डिस्कच्या बाहेरून चिकटवलेली होती, आणि तो कागद फाटला की ती गेली.

याच वेळी इंटरलीव्हही ठरवावा लागे. चकती मिनिटाला ३,६०० फेरे घेई आणि एक सेक्टर वाचून झाल्यावर पुढचा हेडखाली येईपर्यंत कार्डाची तयारी होत नसे. म्हणून लागोपाठचे क्रमांक लागोपाठच्या जागी न देता मध्ये अंतर सोडत. एक्सटीसाठी हे प्रमाण सहास एक होते, पुढच्या एटीसाठी तीनास एक. ते फार कमी ठेवले तर प्रत्येक सेक्टर हातचा निसटे आणि त्यासाठी चकतीचा पूर्ण फेरा वाट पाहावी लागे. म्हणजे सतरा सेक्टरांना सतरा फेरे, सेकंदाच्या चतुर्थांशाहून जास्त वेळ, तोही एका ट्रॅकसाठी. डिस्क चांगली, कार्डही चांगले, तरी दोघांची गाठ नीट पडली नाही म्हणून संगणक रखडत चाले. जोडणाऱ्याने एक अंक चुकवला की मालकाला वाटे, डिस्कच मंद आहे.

केबलीचीही तीच गत. चौतीस तारांच्या केबलवर दोन डिस्क लावता येत आणि आपण कितवी आहोत हे डिस्कला जंपरने सांगावे लागे. आयबीएमने केबलमधल्या काही तारांना पीळ देऊन दोन्ही डिस्कचे जंपर एकाच जागी ठेवण्याची सोय केली. सोय चांगली होती, पण फ्लॉपीची केबलही चौतीस तारांचीच होती आणि तिचा पीळ वेगळ्या तारांवर होता. दोन केबली दिसायला सारख्या, काम निराळे. शिवाय केबलच्या टोकाच्या डिस्कवर टर्मिनेटर म्हणून रोधकांची एक पट्टी ठेवायची आणि मधल्या डिस्कवरची काढून घ्यायची, नाहीतर तारेच्या टोकावर आपटून परतणारे संकेत मूळ संकेतांत मिसळत. या प्रत्येक नियमामागे विजेचे नीट शास्त्र होते. पण ते पाळले गेले की नाही हे तपासण्याची सोय यंत्रात नव्हती; चूक झाली तर पडद्यावर त्रुटीचा एक क्रमांक येई आणि कुठली बाजू चुकली ते शोधणे पुन्हा माणसाकडे.

ऑगस्ट १९८४ मध्ये आलेल्या पीसी एटीने ही माहिती यंत्राने लक्षात ठेवावी असा पहिला मोठा प्रयत्न केला. बायोसमध्ये डिस्कच्या प्रकारांचा तक्ता घातला गेला. सुरुवातीला त्यात १४ प्रकार होते. तुमची डिस्क कुठल्या प्रकारात बसते तो क्रमांक निवडायचा आणि तो बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या स्मृतीत जपला जाई. कल्पना योग्य होती, जागा चुकीची होती. डिस्कची माहिती डिस्कमध्ये न ठेवता मदरबोर्डच्या रॉममध्ये ठेवली, म्हणजे तक्ता छापला गेल्यानंतर बाजारात आलेली कुठलीही डिस्क त्यात असणे शक्यच नव्हते. मग जवळचा, थोडा लहान प्रकार निवडून उरलेली जागा वाया घालवायची. इतर कंपन्यांच्या बायोसमध्ये तक्ता वाढत वाढत सत्तेचाळिसांवर गेला आणि सत्तेचाळिसावा प्रकार बहुधा रिकामा ठेवला जाऊ लागला, आकडे माणसाने स्वतः भरावेत म्हणून. बॅटरी संपली की तेही पुसले जात. डिस्क धडधाकट, मजकूर शाबूत, पण यंत्राला डिस्क आहे हेच आठवत नसे. १९९० च्या दशकात कित्येक कचेऱ्यांत संगणकाच्या डब्याला आतून किंवा बाहेरून तीन आकड्यांची चिठ्ठी चिकटवलेली असे, ती यासाठी.

इथे कुणी म्हणेल, मग तक्ते आणि जंपर हे त्या काळच्या महागड्या चिपांचेच फळ होते; चिपा स्वस्त झाल्या, डिस्क हुशार झाल्या, प्रश्न मिटला. या आक्षेपात तथ्य आहे. डिस्कवरच कंट्रोलर बसवणे १९८० मध्ये परवडले नसते. पण केवळ एवढ्याने सगळे उलगडत नाही, आणि त्याचा पुरावा १९८५ चा आहे. क्वांटमच्या प्लस डेव्हलपमेंट या उपकंपनीने त्या वर्षी हार्डकार्ड काढले. १० मेगाबाइटची साडेतीन इंची डिस्क आणि तिचा कंट्रोलर एकाच विस्तार कार्डावर बसवलेले. विकत घ्यायचे, मोकळ्या स्लॉटमध्ये खोचायचे, झाले. रिबन केबल जोडायची नाही, पीळ नाही, टर्मिनेटर नाही, डीबग नाही. चिपा त्याच पिढीतल्या, क्षमता एक्सटीच्या डिस्कइतकीच. बदलले ते एवढेच की दोन्ही टोके एका कंपनीने बनवली आणि त्यांची गाठ कारखान्यातच बांधली. माझ्या मते या विषयातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे. हार्डकार्ड महाग होते म्हणून ते सर्वत्र पसरले नाही, पण अडचण कुठे होती हे त्याने दाखवून दिले.

सुटे भाग सुटेच राहिले तर काय होते, याचे उदाहरण आरएलएल पद्धतीत दिसते. स्पंद मांडण्याची ही नवी रीत वापरणारे कार्ड लावले की ट्रॅकवर सतराऐवजी सव्वीस सेक्टर बसत, म्हणजे दीडपट जागा. सीगेटची एसटी-२२५ ही २० मेगाबाइटची डिस्क लोकप्रिय होती. तशाच बांधणीची, आरएलएलसाठी पारखलेली एसटी-२३८आर ३० मेगाबाइटच्या वर जाई. साहजिकच अनेकांनी साधी डिस्क घेऊन तिला आरएलएल कार्ड लावले. काही चालल्या, काही थोडे महिने चालून मजकूर गमावून बसल्या. डिस्क ‘मला हे झेपणार नाही’ असे सांगू शकत नव्हती आणि कार्ड विचारू शकत नव्हते. यातून आणखी एक गोष्ट घडली, जिचे मोल आज कळते: अशी डिस्क ज्या कार्डाने फॉरमॅट झाली त्या कार्डाशी बांधली गेली. दुसऱ्या कंपनीचे कार्ड लावले तर ती बहुधा वाचता येत नसे. मजकूर डिस्कमध्ये आहे असे आपण म्हणतो, पण एसटी-५०६ च्या घराण्यात तो डिस्क आणि कार्ड या दोघांच्या सामाईक मालकीचा होता.

ही वाटणी १९८६ च्या सुमारास मोडली. कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा यांनी मिळून कंट्रोलर डिस्कच्याच सर्किट बोर्डवर नेला आणि डिस्कपासून चाळीस तारांची केबल जवळजवळ थेट एटीच्या बसला जोडली. ही आयडीई, पुढे जिचे नाव एटीए झाले. एसटी-५०६ बनवणाऱ्यांपैकी फिनिस कॉनर यांनी आता कॉनर पेरिफेरल्स ही वेगळी कंपनी काढली होती. कॉम्पॅकने तिच्यात पैसे घातले आणि तिच्या आयडीई डिस्क विकत घेतल्या. माहिती आणि डिस्क आता एका जागी आल्या. खराब ट्रॅकांची यादी आता डिस्क स्वतः सांभाळू लागली, लो-लेव्हल फॉरमॅट कारखान्यातच होऊ लागले आणि ते गिऱ्हाइकाने करू नये अशी सूचना देण्यात येऊ लागली. यंत्राने विचारले तर ५१२ बाइटांच्या एका उत्तरात डिस्क आपले नाव, अनुक्रमांक आणि क्षमता सांगे. बायोसमध्ये ‘ऑटो डिटेक्ट’ हा पर्याय आला तो याच उत्तराच्या आधारावर.

पण नव्या रचनेने जुन्या अपेक्षा मोडल्या नाहीत, आणि तिच्या यशाचे कारणही तेच. आयडीई डिस्क एटीच्या जुन्या कंट्रोलरसारखी वागे, म्हणून कुणाला नवे सॉफ्टवेअर लिहावे लागले नाही. त्याची किंमत अशी की डिस्कला आपल्या आकाराविषयी खोटे सांगावे लागले. बाहेरचे वर्तुळ मोठे असते, तिथे जास्त सेक्टर मावतात. नव्या डिस्क या जागेचा फायदा घेऊ लागल्यावर ‘दर ट्रॅकवर इतके सेक्टर’ असा एक आकडा उरलाच नाही. बायोसला मात्र तो हवाच होता. मग दोन-तीन चकत्यांची डिस्क आपल्याला सोळा हेड आहेत असे सांगू लागली. हे निभावून नेण्याचे साधन होते आणि काही वर्षे ते निभावले. पुढे अडचण झाली ती १९९४ च्या आसपास, ५२८ मेगाबाइटपाशी. बायोसच्या पद्धतीत १,०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि ६३ सेक्टर बसत. तेवढ्याने साडेआठ गिगाबाइटच्या जवळ जाता आले असते. आयडीईच्या पद्धतीत ६५,५३६ सिलिंडर, १६ हेड, २५५ सेक्टर. म्हणजे १३० गिगाबाइटच्याही वर. एकटे घेतले तर दोन्ही भाग त्या काळाला भरपूर पुरे होते. एकत्र आले की प्रत्येक रकान्यातला लहान आकडा धरावा लागे: १,०२४ गुणिले १६ गुणिले ६३ गुणिले ५१२, उत्तर ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइट. हा अडथळा चकतीचा नव्हता, चिपचाही नव्हता. दोन कागदांवर दोन गटांनी वेगवेगळ्या वेळी ठरवलेले आकडे एकमेकांशी न जुळल्याने तो उभा राहिला. माझा मुद्दा कुणाला पुस्तकी वाटत असेल तर त्याने हा एक गुणाकार करून पाहावा.

या अडथळ्यावर तोडगे निघाले. डिस्कवरच्या प्रत्येक सेक्टरला शून्यापासून सरळ क्रमांक देणारी एलबीए पद्धत रूढ झाली. ज्यांचा बायोस जुना होता त्यांनी ऑनट्रॅकच्या डिस्क मॅनेजरसारखे प्रोग्रॅम वापरले. ते डिस्कच्या आरंभीच बसत आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालू होत. मग फ्लॉपीवरून संगणक सुरू केला किंवा डिस्क दुसऱ्या यंत्रात नेली तर ती रिकामी असल्यासारखी दिसे. पुढे ३२ गिगाबाइटपाशी काही बायोस अडकले, तेव्हा क्षमता मुद्दाम कमी दाखवणारा जंपर डिस्कवर आला. १३७ गिगाबाइटची भिंत २००२ च्या एटीए-६ या प्रमाणाने ४८ बिटांचे क्रमांक देऊन हटवली. दर वेळी वाढली ती डिस्क, आणि अडले ते तिच्या शेजाऱ्याशी.

एका केबलवर दोन डिस्क हा आयडीईतला शेवटपर्यंत न सुटलेला गुंता. दोघींचे कंट्रोलर प्रत्येक हुकूम ऐकत. हुकमातला एक बिट सांगे की कोणी उत्तर द्यायचे. मास्टर म्हटलेली डिस्क स्लेव्हचा कारभार पाहत नसे. एक शून्य क्रमांकाची, दुसरी एक क्रमांकाची, एवढाच फरक. तो जंपरने ठरे. एटीएचे प्रमाण १९९४ मध्ये मंजूर होईपर्यंत दोन कंपन्यांच्या डिस्क एका केबलवर नांदतीलच याची खात्री नव्हती. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कवर तर ‘एकटी’ आणि ‘मास्टर’ अशा दोन वेगळ्या खुणा होत्या; एकट्या डिस्कला मास्टर करून ठेवले तर ती नसलेल्या जोडीदाराची वाट पाही. केबलनेच क्रमांक ठरवावा अशी ‘केबल सिलेक्ट’ची सोय अठ्ठाविसाव्या तारेवर होती. ती सार्वत्रिक झाली ती मात्र ऐंशी तारांची केबल आल्यावर: निळे टोक मदरबोर्डला, काळे मास्टरला, मधले करडे स्लेव्हला. वाढलेल्या चाळीस तारा जमिनीच्या, शेजारच्या तारांमधला गोंधळ थांबवण्यासाठी. मला ही रंगांची योजना फार शहाणपणाची वाटते. माहिती केबलमध्ये आली आणि माणसाला लक्षात ठेवायला काही उरले नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप स्कझी या डिस्क जोडण्याच्या दुसऱ्या पद्धतीचा आहे. १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या स्कझीत डिस्क पहिल्यापासून हुशार होती, सेक्टरांना सरळ क्रमांक होते, क्षमता विचारता येत होती. माहिती डिस्कमध्ये असूनही स्कझीची जोडणी अवघड म्हणूनच ओळखली जाई. याला उत्तर असे की स्कझीत डिस्कविषयीची माहिती डिस्कमध्ये होती, पण केबलविषयीची माहिती कुणाकडेच नव्हती. एका साखळीत आठ यंत्रे, प्रत्येकाला शून्य ते सात यांतला वेगळा क्रमांक, दोन्ही टोकांना टर्मिनेटर आणि मध्ये कुठेही नाही. साखळीचा एकूण आकार फक्त जोडणाऱ्याला दिसत होता, म्हणून तो भार त्याच्यावर राहिला. अॅपलच्या मॅकिंटॉशमध्ये आतल्या डिस्कपुरती हीच स्कझी सहसा विनातक्रार चाले, कारण आतली डिस्क शून्य क्रमांकावर, संगणक सातव्या क्रमांकावर आणि टर्मिनेटर कुठे हे सगळे एकाच कंपनीने ठरवलेले असे. त्याचीही किंमत होती: अॅपलचा डिस्क तयार करणारा प्रोग्रॅम अॅपलखेरीज इतरांच्या डिस्क स्वीकारतच नसे.

आपल्याकडे हा भार कोणी वाहिला, हे नोंदवायला हवे. १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल केली आणि पुढच्या दशकात मुंबईचा लॅमिंग्टन रोड सुट्या भागांचा मोठा बाजार झाला. तिथून मदरबोर्ड, रॅम, डिस्क, डबा असे निरनिराळे भाग घेऊन असेंबल केलेल्या संगणकांवर महाराष्ट्रातल्या असंख्य छापखान्यांनी, क्लासेसनी आणि लहान कचेऱ्यांनी काम केले. कंपनीच्या तयार यंत्रात जी गाठ कारखान्यात बांधली जाई, ती इथे असेंबल करणाऱ्याने बांधली. त्याचे श्रेय त्याला फारसे मिळालेले नाही. कुणी असेही म्हणतात की त्या काळी वापरणाऱ्याला यंत्र खरेखुरे कळत होते, आता ते बंद पेटी झाले. मी हे अर्धेच मान्य करतो. काहींना ते कळत होते. बाकीच्यांनी जंपरच्या जागा आणि आकडे पाठ केले होते, आणि पाठ केलेल्या आकड्याला समज म्हणता येणार नाही. चुकीचा आकडा भरून किती मजकूर गेला याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

सिरियल एटीएची यंत्रे २००३ पासून बाजारात आली. एक केबल, एक डिस्क. डेटाच्या सात पिना, विजेच्या पंधरा, लांबी एक मीटरपर्यंत, खोबणीचा आकार असा की उलटी बसणारच नाही. वेग वाढला हे खरे, पण जोडणाऱ्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की केबलवर दुसरे कोणी नसल्याने क्रमांकाचा प्रश्न संपला. तरीही सांधा नाहीसा झाला नाही, वर सरकला. विंडोज एक्सपीला सिरियल एटीएचा एएचसीआय पद्धतीचा कंट्रोलर आपला आपण ओळखता येत नसे, म्हणून ते बसवताना एफ६ दाबून ड्रायव्हरची फ्लॉपी द्यावी लागे. काही वर्षांनी चार हजार शहाण्णव बाइटांचे सेक्टर आले, तेव्हा वेस्टर्न डिजिटलने एक्सपी वापरणाऱ्यांसाठी पुन्हा एक जंपर दिला. नवी डिस्क आणि जुनी ऑपरेटिंग सिस्टिम एकमेकींना समजून घेईनात, की मधला जंपर परत येतो.

या इतिहासाचा आज थेट उपयोग आहे. १९९० च्या दशकात मराठी मजकूर मोठ्या प्रमाणावर संगणकावर जुळवला जाऊ लागला. दिवाळी अंक, स्मरणिका, संस्थांची इतिवृत्ते, लेखकांची हस्तलिखिते यांतले किती तरी काम त्या वेळच्या डिस्कवर असणार, तेही युनिकोडपूर्व फाँटमध्ये. या डिस्क वाचायच्या तर माहिती कुठे साठवली होती हे आधी ओळखावे लागते. दोन रिबन केबलची, चौतीस आणि वीस तारांची डिस्क असेल तर तिचे मूळ कंट्रोलर कार्ड हा मजकुराचाच भाग आहे. ते टाकून दिले तर नुसती डिस्क बहुधा काही सांगणार नाही. चाळीस तारांची असेल तर यूएसबी अडॅप्टरने वाचता येण्याची शक्यता चांगली आहे, पण सुमारे पाचशे मेगाबाइटच्या आतल्या जुन्या डिस्कना एलबीए ठाऊक नसते आणि अनेक अडॅप्टर त्यांना ओळखत नाहीत. अशी डिस्क तिच्याच संगणकात आधी चालवून पाहावी. दुसऱ्या यंत्राने आकाराचा वेगळा अंदाज बांधला तर डिस्क रिकामी दिसते आणि पडद्यावर फॉरमॅट करू का असा प्रश्न येतो. त्याला कधीही हो म्हणू नये.

म्हणून वाचनालये, शिक्षणसंस्था, छापखाने आणि लेखकांचे वारस यांना विनंती आहे. माळ्यावरचा जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी तो उघडून पाहा. चालू होत असेल तर सेटअपमधले सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे आणि एलबीएचा पर्याय कागदावर उतरवा, जंपरांचे छायाचित्र घ्या, डिस्कवरचा कागद वाचून ठेवा. डिस्क, कार्ड आणि केबल एकाच पिशवीत ठेवा आणि कुठल्या यंत्रातून काढली ते वर लिहा. मग जाणकाराकडून संपूर्ण डिस्कची सेक्टरशः प्रत काढून घ्या, आणि ती हाती येईपर्यंत मूळ डिस्कवर काहीही लिहू देऊ नका.